साडेसहा बाय सत्तावन्न

बॉन, १९ ऑगस्ट २०१६

प्रिय सुधीर भाऊजी,

तुम्हाला आणि सरलाला आशीर्वाद. तिचा खांदा आता कसा आहे? शेकायला सांगा, आणि थोडे दिवस भांडी तुम्ही घासा, झिजणार नाही तुम्ही. इकडे प्लमच्या झाडाला यंदा इतकी फळं लागलीत की शेजारीपाजारी वाटून मी दमले.

जर्मनीतल्या जर्मनीत पत्र बघून चक्रावला असाल. पण फोन केला तर हे समोर बसलेले असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचं उत्तर आलं की आधी हेच वाचतात, कारण माझा चष्मा कधी जागेवर नसतो. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाका.

रविवारी तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादाच्या सत्तरीला त्याच्या बंदुकीच्या गोळ्या आणतोय. दुकानदार मिळत नाहीत म्हणतो, आणि ऑफिसातल्या माझ्या शिकारी मित्राने दोन दिवसांत शोधल्या!" मी "अरे वा" म्हटलं. समोर हे. दुसरं काय म्हणणार?

भाऊजी, त्या गोळ्या आणू नका.

कारण सांगते, पण जरा मागून सुरुवात करते. थेट लिहायला हात धजत नाही.

ती बंदूक तुम्ही पाहिली आहे. कारखान्यातल्या ब्रूक्स साहेबांनी यांना जंगलात नेलं, शिकारीची परीक्षा द्यायला लावली आणि पास झाल्यावर स्वतःची जुनी बंदूक दिली. शाकाहारी घरातला मुलगा हरणं मारतो म्हणून सासूबाईंनी चार महिने पत्र टाकलं नव्हतं, आठवतं? तिची गोळी साडेसहा बाय सत्तावन्न. तेव्हा निम्म्या शिकाऱ्यांकडे तीच असायची. आता यांच्या गटात एकूण एक माणूस तीनशे आठ वापरतो, कारण ती कुठल्याही दुकानात मिळते. हे नाक मुरडतात. म्हणतात, "तीनशे आठ म्हणजे टोस्टब्रोट, दुकानातला बेचव पाव." नवी बंदूक घ्या म्हटलं तर नाही म्हणजे नाही. तुमच्या घराण्याचा हट्ट तुम्हाला काय सांगू!

गेल्या हिवाळ्यात यांची गोळी एका हरणीला नीट लागली नाही. तासभर तडफडली बिचारी, शेवटी दुसऱ्याने तिला संपवलं. हात थरथरला होता. जानेवारीत निदान झालं, पार्किन्सन. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला, ती मोडली. डॉक्टरांकडून परत येताना ट्रेनमध्ये हे एवढंच म्हणाले, "कुंदा, मला कुणी घास भरवायची वेळ मी येऊ देणार नाही." मला वाटलं, माणूस रागात बोलतो.

मार्चमध्ये एका दुपारी मी कपडे वाळत घालायला खाली केलरमध्ये, तळघरात उतरले. हे स्टुलावर बसले होते, हातात बंदूक. म्हणाले, "साफ करतोय." जवळ तेल नाही, फडकं नाही. आणि भाऊजी, नळीचं तोंड यांच्याकडेच होतं.

मी बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "चहा टाकलाय, चला वर." आले. प्यायले. चहात साखर कमी आहे म्हणाले. त्यावर आजतागायत आम्ही दोघं एक अक्षर बोललेलो नाही. चुकलंच माझं. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण बोलले तर ते खरं होईल असं वाटायचं.

एप्रिलमध्ये हे गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा बंदुकीच्या कपाटाची किल्ली माझ्या हाती आली. होत्या तेवढ्या गोळ्या मी भाजीच्या पिशवीत घातल्या आणि बसने क्लोस्टरमान म्हाताऱ्याच्या बंदुकीच्या दुकानात नेल्या. कायद्याने गुन्हाच. बसमध्ये एका पोरीने उठून जागा दिली, मी पिशवी मांडीवर धरून बसले. म्हाताऱ्याला सगळं खरं सांगितलं. त्याने पिशवी काउंटरखाली सरकवली आणि म्हणाला, "फ्राऊ जोशी, मी काही पाहिलं नाही."

मग आम्ही दोघांनी यांना सांगितलं, गोळ्या हिरव्या पडल्या होत्या, धोक्याच्या होत्या, आणि नव्या आता कुणी बनवत नाही. साफ खोटं! बनवतात. थोड्या बनवतात, पण मागवल्या की येतात. तुम्हाला मिळाल्याच की. पण क्लोस्टरमानच्या शब्दावर यांचा चाळीस वर्षांचा विश्वास, म्हणून शोधत बसले नाहीत. जुनी गोळी मागे पडली म्हणून हळहळणारे खूप आहेत. मी एकटीच देवापुढे हात जोडून म्हणत होते, पडू दे.

सरकारी ऑफिसात कळवलं असतं तर बंदूक नेली असती, तेही कळतं मला. पण पोलीस दारात आल्यावर हे काय करतील, या भीतीने मी गप्प राहिले.

आणि तुम्हाला राहवलं नाही. बुधवारी यांनाही सांगून टाकलंत! त्या दिवसापासून हे खूश आहेत. शीळ घालतात. रोज दाढी करतात. तुम्ही म्हणाल, बघा वहिनी, दादा कसा फुलला. भाऊजी, मला धडकी भरली आहे. काल भर ऑगस्टात मला हायझुंगमधली, म्हणजे हिवाळ्यातल्या हीटरमधली हवा कशी काढायची ते शिकवलं. फायलींवर मोठ्या अक्षरांत माझ्यासाठी चिठ्ठ्या लावल्यात. शिकारीचा लोडनचा लोकरी कोट मित्राला देऊन टाकला. आज सकाळी माझ्या हातात तिकीट ठेवलं, म्युनिकला माझ्या मैत्रिणीकडे, लताकडे, अठ्ठावीस तारखेचं. "वाढदिवस झाला की जाऊन ये, दमली आहेस." बेचाळीस वर्षांत या माणसाने मला एकटीला कुठे पाठवलं नाही. येतानाचं तिकीट काढलेलंच नाही. म्हणाले, ते नंतर बघू.

मी जाणार नाही. मंगळवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. यांना अजून सांगितलेलं नाही, एकटीने सांगायचं धाडस होत नाही. हे पत्र उद्या मिळेल. वाढदिवसाची वाट बघू नका, सोमवारीच या. रिकाम्या हातांनी या. माझ्या शेजारी बसा, मी यांना सगळं सांगते, केलरचं, गोळ्यांचं, म्हाताऱ्याचं. चिडतील. कदाचित माझं तोंड बघणार नाहीत. न बघू देत, पण समोर असू देत. आणि जाताना ती बंदूक या घरातून कायदेशीर कशी हलवायची ते तुम्ही आणि क्लोस्टरमान बघा.

खाली नाव लिहितेय. 'सौ.' लावायचं मी कधीच सोडलं होतं. आज लावलं आहे. ते राहू द्या, भाऊजी.

तुमची वहिनी,
सौ. कुंदा