कोमट हातातली वीज

मुखेड, मंगळवार, संध्याकाळ

दोन वर्षं झाली, त्या सकाळी अंगणात सडा टाकला, चहा घेऊन आत गेले, तर हे उठेनात. जाऊबाई म्हणाल्या, "चूल विझव, गेले ते." मी म्हणाले, "हात कोमट हाय, थांबा की." मग विझवली.

आज लेकीनं घरी ठेवलेल्या पुस्तकात वाचलं. पेशी स्वतःहून मरते तेव्हा तिच्या पडद्याच्या आतबाहेरचा विजेचा फरक आधी कमी होतो, मग ती आकसते. म्हणजे त्या कोमट हातात वीज उरली होती का? जीव असतानाच मी चूल विझवली का? लातूरला शिकणाऱ्या लेकीला फोन केला.

"आई, हा धडा जिवंत माणसाचा हाय. अशा पेशी रोज मरून राहिल्यात, तुझ्यातपण."

मग यांच्या हातात काय होतं? कोमट तर होता. समजेना.

बुधवार. पुस्तक घेऊन पहिल्या बसनं लातूरला गेले. लेकीला म्हणाले, "शिकव मला, पहिल्या ओळीपासून."