सात दिवसांचा राजा

प्रिय उन्मेष,

बारशाचं आमंत्रण मिळालं. फुग्यांचं चित्र छान आहे. त्याखाली तू लिहिलं आहेस, 'आमचं पहिलं बाळ'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फोन केला तर म्हणालास, आई, लेट इट गो, लोकांना उगाच ऑकवर्ड होतं. लोकांना म्हणजे बर्नाबीच्या तुझ्या कॉन्डोत येऊन केक खाऊन जाणाऱ्या ऑफिसातल्या मंडळींना. त्यांची केवढी काळजी तुला.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आमच्याकडून बायबलमधले इस्राएलचे राजे ओळीने पाठ करून घ्यायच्या. वर्षानुवर्षं गादीवर बसलेले सोपे जायचे. आम्ही अडखळायचो ते न टिकलेल्यांपाशी. जखऱ्या सहा महिने, शल्लूम जेमतेम एक, आणि जिम्री तर फक्त सात दिवस. माणूसही भला नव्हे. धन्याचा खून करून राजा झाला आणि सैन्य चालून आलं तेव्हा राजवाडा पेटवून आतच जळून मेला. एकदा मी त्याला गाळून त्याच्या आधीच्या एलानंतर थेट पुढच्या अम्रीवर गेले. सिस्टरनी हातावर पट्टी मारली आणि विचारलं, तो राजा होता, त्याला वगळणारी तू कोण?

तुझा पहिला मुलगा सात दिवस जगला. त्याने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. काचेच्या पेटीत नळ्या लावून निजला होता आणि पेटीवर नुसतं 'बेबी बॉय' लिहिलेलं होतं, कारण आपल्याकडे नाव बारशाला, बाराव्या दिवशी. तिथवर तो पोचला नाही. यामिनीसमोर त्याचा विषय काढायचा नाही, हा नियम तू केलास. ती मात्र तू घरी नसताना मला फोन करून विचारते, आई, त्याचं नाक कुणावर गेलं होतं हो? त्याला विसरायची घाई तिला नाही, तुला आहे.

वर मला निरोप, येताना वरवंटा आण, आमच्याकडे नुसता मिक्सर आहे. ओटावाहून विमानाने दगड आणायचा. मग त्याला न्हाऊ घालून, कुंची चढवून बाळाच्या आधी पाळण्यात निजवायचं. वरवंट्याला त्या पाळण्यात जागा आहे, थोरल्याला नाही. आणि माधवी आत्या म्हणून बाळाच्या कानात सांगणार, ओजस. नाव मागच्या वेळीच ठरवलेलं आहे, वाया कशाला घालवायचं, असं म्हणालास तू. जसे काही उरलेले डायपर.

आता नीट वाच. सहाव्या दिवशी दुपारी तुम्ही दोघं डॉक्टरांशी बोलायला गेला होतात. नर्सने पेटीचा झरोका उघडून दिला. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की बारावा दिवस येणार नाही. माधवी इथे ओटावात, म्हणून आत्याचं काम मी केलं. झरोक्याशी तोंड नेलं आणि त्याला सांगितलं, तू ओजस. त्याने एक भुवई वर केली, अगदी तुझ्यासारखी. तेव्हा ते नाव मोकळं नाही. धाकट्यासाठी दुसरं शोधा आणि आमंत्रण दुरुस्त करून पाठव. वरवंटा बॅगेत भरून ठेवला आहे.

तुझीच, आणि दोन नातवांची आजी,
आई