उलटं रंगवलेलं हृदय

शुक्रवार, ११ तारीख, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. "आम्ही दोघी बऱ्या आहोत" हे वाक्य हाताने सवयीने लिहून टाकलं होतं. तो कागद बाजूला ठेवला आणि हा नवा घेतला.

पत्र बघून तू दचकशील. रविवारीच तर फोनवर बोललो. पण फोनवर आई पलंगावरून ऐकत असते. ती ऐकत नसली तरी माझं एक होतं. तू "कसं काय" म्हणालास की माझ्या तोंडून "ठीक" निघून जातं, आणि एकदा ते निघालं की पुढचं सगळं त्याला धरून बोलावं लागतं. कागदावर निदान खोडता येतं.

लॅबमध्ये बसून लिहिते आहे. सकाळची रक्त द्यायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली. समोर यंत्रात नळ्या गरगरताहेत. यंत्र थांबलं की त्या बाहेर काढायच्या: खाली लाल थर, वर पिवळसर पाणी आणि दोन्हींच्या मध्ये पांढुरकी पुसट रेघ. तुला एकदा दाखवलं होतं, तेव्हा तू "एवढंच?" म्हणाला होतास. मला अजून ते एवढंच वाटत नाही. लाल थर श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतो, पिवळं पाणी बाकीचं सगळं सामान वाहतं, आणि रोगाशी झुंजायचं, कुठे कापलं तर गळती बुजवायची, हे काम त्या पुसट रेघेचं. आईची नळीही मीच लावते. तिच्या रक्तात काही खोट नाही. खोट आहे ती हृदयाच्या झडपेत.

त्याआधी बाकीच्या बातम्या. स्वयंपाकघरातला नळ बदलून झाला. प्लंबर येतो येतो म्हणत शेवटी आला आणि जाताना मलाच रागावला की इतके दिवस कसं चालवून घेतलंत. तुझ्या खोलीत आता आई झोपते, कारण तिथून न्हाणीघर जवळ पडतं. तुझं टेबल बाहेर काढलंय. पुस्तकं माळ्यावर आहेत, नीट बांधून. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मी कामावर असताना दोनदा डोकावून जातात. आई त्यांना "तपासणी अधिकारी" म्हणते, त्यांच्या तोंडावर.

आईचं उलटं हृदय तुला आठवतं का? आई नमुन्यांच्या कारखान्यात शाळांसाठी प्लास्टरची हृदयं, मूत्रपिंडं, डोळे रंगवायची, तेव्हा एका सुट्टीत तिने काम घरी आणलं होतं. तू हट्टाने एक हृदय रंगवायला घेतलंस. कारखान्यातला नियम साधा होता: अंगभर फिरून थकून आलेलं रक्त निळं, फुप्फुसांतून ताजं होऊन आलेलं तांबडं, उजवे कप्पे निळे, डावे तांबडे. पण नमुना आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून त्याचा डावा भाग आपल्या उजव्या हाताला येतो. नवीन येणारा प्रत्येक रंगारी तिथे एकदा तरी फसतो, असं आई सांगायची. तूही फसलास. तुझ्या डाव्या हाताला जे होतं ते तू तांबडं केलंस. फार सुबक रंगवलं होतंस, कडा जराही फिसकटल्या नव्हत्या, आणि सगळंच उलटं. तपासनिसाने ते बाजूला फेकलं. आईने पुन्हा रंगवायला न देता ते घरी आणलं. अजून तिच्या उशाशी असतं. कडी काढून झाकण उघडायचं आणि आत केसांचे आकडे ठेवायचे, तेही खालच्या डाव्या कप्प्यात. "त्याची भिंत जाड आहे, पडलं तरी फुटणार नाही," असं तिचं म्हणणं.

तर तो जाड भिंतीचा कप्पाच आता अडचणीत आहे. त्याला सगळ्या अंगाला रक्त पोचवायचं असतं, म्हणून तो मुळात जाड. त्याच्या तोंडाशी, महाधमनीत उघडणारी तीन पाकळ्यांची झडप असते. आईच्या पाकळ्यांवर चुन्यासारखा थर चढून त्या ताठ झाल्यात. दार पूर्ण उघडत नाही आणि कप्पा ढकलत राहतो. इतकं तुला माहीत आहे. डॉक्टरांनी आपल्या कागदावर काढून दाखवलं, तेव्हा आई चित्राकडे बघत म्हणाली, "म्हणजे रंग ठीक आहे, बिजागरी गंजली." डॉक्टर हसले. मीही हसले. बाहेर आल्यावर तिला बाकावर बराच वेळ बसवावं लागलं.

यंत्र थांबलं. पुढचं नंतर लिहिते.


रविवार, १३ तारीख

तुझा फोन होऊन गेला. "तारीख कळली का?" असं तू विचारलंस आणि मी "हॉस्पिटलने अजून सांगितलं नाही" म्हणाले.

दादा, हॉस्पिटलने तारीख दिली होती. ती मी रद्द केली.

आता सगळं सांगते, क्रमाने. डॉक्टरांनी सांगितलं की झडप बदलायला हवी. मांडीतून नळी सरकवून करायची सोपी पद्धत असते, पण तपासण्यांनंतर ते म्हणाले की हिच्या बाबतीत ती नीट बसणार नाही, छाती उघडावी लागेल. हृदय बाकी बळकट आहे, वय पाहता धोका आहे पण फार नाही. नाही केलं तर? मीच विचारलं. ते म्हणाले, दोनेक वर्षं, आणि तीही चांगली जाणार नाहीत. केलं तर घरी आल्यावर दोन महिने कोणीतरी दिवसरात्र जवळ हवं. हाताने रेटा देऊन उठायचं नाही, काही उचलायचं नाही, कुशीवर वळायलाही सुरुवातीला माणूस लागेल.

घरी आलो. आईने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला नाही करायचं. तू काय म्हणतेस?"

मी म्हणाले, "तुझी इच्छा."

बस, एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला फोन करून मी नको म्हणून कळवलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, विचार बदलला तर महिनाअखेरीपर्यंत सांगा, नंतर सर्जन बाहेर जाणार आहेत, मग बरेच महिने नाहीत.

स्वतःला मी समजावलं की शरीर तिचं, निर्णय तिचा. सुशिक्षित माणसाने असंच वागायला हवं. पण फोन ठेवून मी जरा आडवी झाले आणि त्या दुपारी मला अशी गाढ झोप लागली, जशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. आईने चहा करून उठवलं. तो कप हातात घेताना मला माझीच शरम वाटली. आईचा मान राखून माणूस असा झोपत नाही. सुटका झाल्यावर असा झोपतो.

तेव्हापासून मी तपासते आहे, की तिची इच्छा मी ऐकली की माझा थकवा ऐकला. रोजनिशीत दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलं. दोन्ही बाजू पटतात, हाच वांधा आहे.

तू मला नेहमी म्हणतोस, "बारकी, तू फार कीस काढतेस." काढते. पण गेल्या आठवड्यात आई स्वयंपाकघरात कोसळली. भान गेलं ते क्षणभरच, लागलं नाही, कपाळाला थोडं खरचटलं. नळ चालू होता, म्हणून मला आवाज आला नाही. मी आत गेले तर ती जमिनीवर बसून त्या नव्या नळाकडे बघत होती. "चांगला बसवलाय," म्हणाली.

हेही तुला आज फोनवर सांगितलं नाही.


गुरुवार, १७ तारीख

पत्र टाकलं नव्हतं. बरं झालं, नाहीतर अर्धंच पोचलं असतं.

आज सकाळी कामावर जाण्याआधी आईचं रक्त घ्यायचं होतं. तिच्या शिरा आता हाती लागत नाहीत. बोटाखाली जाणवतात आणि सुई नेली की सरकतात. दिवसभर मी अनोळखी लोकांचे दंड बांधते, कुणाच्या लक्षातही येत नाही इतक्या सफाईने. आईच्या हाताशी मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा टोचायच्या आधीच थांबले.

ती म्हणाली, "राहू दे. उद्या बघू."

मी दंडाचा पट्टा सोडला, कापूस दाबून धरला आणि माझ्याही नकळत बोलून गेले. म्हटलं, आई, मला वाटतं तू ऑपरेशन करून घ्यावंस. तेव्हा "तुझी इच्छा" म्हणाले ते खरं नव्हतं. माझं मत मी सांगितलंच नाही.

तिने माझं बोट बाजूला करून कापूस स्वतःच दाबून धरला.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुला नको आहे."

"छाती कापून घ्यायला कुणाला हवं असतं? पण जगायचं नाही असं मी कधी म्हटलं?" मग म्हणाली, "जिना चढताना तुझा दम माझ्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतो. दोन महिने तू मला उठवणार, बसवणार, वर नोकरी करणार. मला काय दिसत नाही? म्हणून नको म्हटलं. तू लगेच मान्य केलंस. मला वाटलं, बरोबर ओळखलं आपण."

दादा, आम्ही दोघी एका घरात राहतो, एकाच भांड्यातला चहा पितो. ती माझ्याकडे बघून नको म्हणाली आणि मी तिच्याकडे बघून बरं म्हणाले. या सभ्यपणात ती मरून गेली असती, आणि मी आयुष्यभर लोकांना सांगत राहिले असते की आईचीच इच्छा होती.

मी तिला म्हणाले, मी करीन, रजा घेईन, जमेल. ती म्हणाली, "नाही जमणार." रागाने नाही, कारखान्यात एखादा नमुना तपासून बाजूला ठेवावा तसं. "दादा येऊन राहिला तर करते. आठ दिवस नाही. पुरते दिवस."

"मग सांग ना त्याला तू. रविवारी."

"मी सांगितलं तर तो आईचं आजारपण म्हणून धावत येईल, डॉक्टरला दहा प्रश्न विचारेल आणि मी उठून बसले की परत जाईल. तू सांग. तू कधीच काही मागत नाहीस. त्याला वाटतं, तुला काही लागतच नाही."

मग तिने उशाजवळचं हृदय घेतलं, झाकण उघडून आकडा काढला आणि केस बांधायला लागली. तेवढ्यानेही तिला धाप लागली. हात खाली घेऊन पुन्हा वर नेला. मी मदतीला गेले तर म्हणाली, "थांब, हे मला येतं." नंतर आकडा माझ्या हातात दिला.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की हृदयाच्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागतं. महाधमनी निघाल्या निघाल्या तिच्या पहिल्या दोन फांद्या हृदयाकडेच वळतात. पण ठोका पडताना भिंत आवळलेली असते, तेव्हा त्या जाड डाव्या कप्प्याच्या नळ्यांत फारसं शिरत नाही. तो सैल पडतो, तेवढ्या वेळात त्याला त्याचं मिळतं. पेपरात मी हे आकृतीसह लिहिलं होतं. याच्यापुढे काही जोडायचा मोह होतोय, पण तुला माझ्या उपमांचा कंटाळा येतो, म्हणून सोडून देते.

सरळच लिहिते. माझ्याच्याने एकटीने होणार नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवशी तीनदा बसावं लागलं. वरचं सगळं, ते रक्त, त्या झडपा, तो नळ, हे वाक्य लांबवण्यासाठीच होतं की काय अशी आता शंका येते.

तू यावंस. दोन महिने. रात्री तू आईजवळ झोपायचंस, मी बाहेर. तिला उठवताना दंडाला धरून ओढायचं नाही, पाठीमागे हात घालायचा. ते मी शिकवीन. सकाळी मी लॅबमध्ये जाईन आणि तू घरी असशील. ती चिडेल, जेवणाला नावं ठेवेल, तुला "तपासणी अधिकारी" म्हणेल. तुझ्या टेबलाची जागा पुन्हा करू. तुझ्या घरच्यांना काय वाटेल, तुझ्या ऑफिसात काय म्हणतील, याचा विचार इतकी वर्षं तुझ्या वतीने मीच करत आले आणि प्रत्येक वेळी तुला न विचारताच तुझा नकार गृहीत धरला. आता तो विचार तू कर. आणि नाहीच जमणार असेल तर तसं स्वतःच्या तोंडाने सांग, म्हणजे मला दुसरं काही बघता येईल. पण महिनाअखेरीच्या आत सांग.

आईने विचारलं, कुणाला लिहितेस. तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "त्याला लिही, आला तरी माझ्या हृदयाला ब्रश लावायचा नाही. आहे तसंच राहू दे."

फोन ठेवताना तू दर वेळी म्हणतोस, "काही लागलं तर सांग." मी दर वेळी "काही नाही" म्हणते.

लागतंय, दादा. तू लागतोयस.

तुझी
बारकी