समोरून येणारी मुलगी

प्रिय ठमे,

फोनवर सांगितलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग गप्प झाली असतीस. तुझं ते गप्प होणं मला हल्ली सोसत नाही, म्हणून लिहितेय. तुझी आई या वयात अ‍ॅनिमेशन शिकायला जाते. हस खुशाल. वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग भरतो. सगळी पोरंटोरं, आणि शिकवणारी तर तुझ्याहूनही लहान. पहिल्या दिवशी तिने उसळणारा चेंडू काढायला लावला. प्रत्येक कागदावर तो जरासा सरकवून काढायचा आणि मग कागदांचा गठ्ठा अंगठ्याखालून भरभर सोडायचा. जमिनीला टेकताना चेंडू चपटा व्हायला हवा, वर गेल्यावर थोडा रेंगाळायला हवा, तरच त्याला वजन आहे असं वाटतं. माझा चेंडू कुणीतरी भिरकावलेल्या बटाट्यासारखा गेला. पोरं खो खो हसली, मीही हसले.

हा उद्योग मी बाबांसाठी सुरू केला. बोललेलं त्यांच्या डोक्यात आता टिकत नाही. आंघोळ करा म्हटलं की हो म्हणतात आणि तिथेच उभे राहतात. पण चित्र समोर धरलं की नीट बघतात. नळ, साबण, टॉवेल, शर्ट अशी चित्रं मी ओळीने न्हाणीघराच्या दारावर चिकटवली. त्या दिवशी बाबा आपले आपण आंघोळ करून आले, वर भांगही पाडून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मग मला हाव सुटली. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा ही कोण बाई घरात शिरली म्हणून ते ओरडले, तुला ढकललं. तू घोटभर पाणीही न पिता गेलीस, ती परत आली नाहीस. मी तुला बोल लावत नाही गं. स्वतःच्या बापाने असं परकं केल्यावर कुणाचे पाय वळतील? पण तू येणार हेही त्यांना आधीच चित्रातून दाखवता आलं तर, असं माझ्या मनाने घेतलं.

तुझा गठ्ठा काढायला बसले. खांद्याला पिशवी लावून झपाझप चालणारी तू. बाजूने काढली, कारण बाजूने पाय काढायला सोपे जातात. अगदी जीव ओतला. बाबांनी कागद सोडले, पाहिलं आणि हात हलवून तुला निरोप दिला. पुन्हा सोडले, पुन्हा निरोप. डोळे भरून आले त्यांचे. "चालली," म्हणाले.

शिकवणारीला तो गठ्ठा दाखवला. ती म्हणाली, "काकू, ही या कडेने शिरतेय आणि त्या कडेने निघून जातेय. बघणाऱ्याकडे येतच नाही. बघणारा कुठे बसलाय ते आधी ठरवा ना." मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाने सगळी नोकरी बस चालवत, काचेतून समोर बघत काढली, त्याला मी मुलगी आडवी जाताना दाखवत होते! समोरचं मोठं मोठं होत गेलं की ते आपल्याकडे येतंय, एवढं त्यांच्या डोळ्यांना अजून कळतं. सगळं पुन्हा काढलं, त्यांच्या खुर्चीतून दिसतं तसं. उघडं दार, दूरवर इवलीशी तू, मग मोठी, आणखी मोठी, आणि शेवटच्या कागदावर नुसता तुझा चेहरा.

हल्ली रोज सकाळी तो गठ्ठा त्यांच्या हातात देते. तुला खोटी आशा लावणार नाही. तुझं नाव त्यांना येत नाही, तू त्यांची कोण हेही सांगता येत नाही. पण काल कागद संपल्यावर ते उठले, दार सताड उघडलं आणि खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसले. मी दार लावायला गेले तर माझ्यावर खेकसले. "ती येतेय," म्हणाले. जेवायलाही उठले नाहीत. आज पुन्हा तसेच बसलेत, मी हे लिहितेय तेव्हाही. भिऊ नकोस, ठमे. समोरून ये, सावकाश चालत ये, त्यांना तुला येताना बघू दे.

तुझीच वाट बघणारी,
आई