मूळच आहे, नक्की!

३ फेब्रुवारी, मंगळवार

निघाली! सकाळी कॉम्प्युटरने उत्तर दिलं — मूळ संख्या! दोन लाख एक अंक, उलट वाचा, सुलट वाचा, तीच. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. अंकांची संख्या सम असती तर अकराने भाग गेलाच असता, अशा उलटसुलट संख्यांचं ते ठरलेलंच. म्हणून मी अंक मोजून विषमच धरले होते. पाच महिने कोपऱ्यात त्याचा पंखा घरघरतोय. "तुझा भाडेकरू," म्हणतो नवरा.

मला गणित शिकवलेल्या सरांना फोन लावला. ओरडलेच, "मूळ आहे, सर! मूळच आहे, नक्की!" सर म्हणाले, घरच्या कॉम्प्युटरची चाचणी म्हणजे पुरावा नव्हे; इथे ये, आमच्या मोठ्या यंत्रांवर सिद्ध कर. संशोधनाची वर्षभराची जागा आहे, पण सोमवारी सकाळी हजर हो, नाहीतर दुसऱ्याला द्यावी लागेल. "येतेच, सर, सोमवारी!" दुसरं शहर! माझी स्वतःची खोली!

वळून बघते तर दारात सासूबाई, हातात वाळलेले कपडे, डोळे भरलेले. "मूल आहे? नक्की?" मी तोंड उघडायच्या आत मिठी! लगेच नणंदेला फोन — "सुनेला दिवस गेलेत! आत्ता तिच्या सरांना फोनवर सांगत होती!" नणंद तिकडून एवढी ओरडली की मलाही ऐकू आलं, "आणि आधी सरांना सांगितलं?"

४ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याला खरं सांगितलं. पोट धरून हसला. मग म्हणतो, "आईला आत्ता नको सांगूस. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा गुणगुणतेय गं." मग कधी? "बघू." त्याचं 'बघू' मला पाठ आहे.

मी सांगायला गेले तर सासूबाईंनी तोंडात घास कोंबला. "खा. दोन जिवांची आहेस."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंनी माझी बॅग माळ्यावर टाकली. "प्रवास? या दिवसांत? वेड लागलंय का?" जिनासुद्धा उतरायचा नाही. खालच्या शिंप्याने दोन झबली शिवून पाठवली — फुकट!

त्या संख्येला कुणी भागू शकत नाही. मला मात्र ही माणसं रोज थोडंथोडं वाटून घेतायत. संताप होतो नुसता. पण सासूबाई इतक्या खूश, की चिडू कुणावर?

८ फेब्रुवारी, रविवार

'बघू, बघू' म्हणत नवऱ्याने तिकीट काढलंच नाही. मीच चप्पल घालून निघाले. सासूबाई दारातच बसल्या होत्या, शेंगा सोलत. "कुठे गं?" — मी चप्पल काढली. का काढली? भित्री कुठली!

९ फेब्रुवारी, सोमवार

जागा दुसऱ्याला दिली. सर फोनवर म्हणाले, "असू दे. तब्येतीला जप." त्यांना कुणी सांगितलं? नवरा शपथ घेतो, "मी नाही सांगितलं."

दिवस गेले. खरंच गेले — माझे.

११ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी सांगितलंच. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आई, मूल नाहीये. मी मूळ म्हणाले होते. मूळ संख्या."

हात थांबले नाहीत त्यांचे. "तू गेली असतीस तर परत आली नसतीस," म्हणाल्या. "ळ मला चांगला ऐकू आला होता."