एका जागेसाठी तीन साचे

रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

खूप खूप आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिभेला काही झालेलं नाही. जावईबापूंचा खोकला थांबला का? मुलांच्या परीक्षा पार पडल्या असतील. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण आपलं फोनवरचं बोलणं तुला ठाऊकच आहे. आईच्या गोळ्या, आईच्या डोळ्यांची तपासणी, बरं, ठेवते. म्हणून म्हटलं, लिहावं.

आमच्याकडे सध्या माणसांचा दुष्काळ आहे. आमची कार्यशाळा तू पाहिली आहेस, हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, लांबट, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. कृत्रिम पाय बनवायला पूर्वी आम्ही चौघं होतो. एक निवृत्त झाले, एक दुसऱ्या गावी गेला. उरलो मी आणि पॉलिशवाले मामा, ज्यांची पाठ दुपारनंतर संपावर जाते. आणि पायाची वाट बघणारी माणसं एक्केचाळीस. त्यांत एक शाळेतल्या बाई आहेत. पाच महिन्यांपूर्वी अपघातात गुडघ्याखाली पाय गेला. दर सोमवारी येतात आणि म्हणतात, "सहज आले होते." कुबड्यांवर कुणी सहज येत नाही, ठमे.

साहेबांनी शेवटी एक जागा मंजूर केली. महिनाअखेरीस भरली नाही तर परत जाणार. अर्ज ढीगभर, कामाचे तीन. गेल्या मंगळवारी तिघांनाही बोलावलं. आमचे ड्रायव्हरकाका, पूर्वी बस चालवायचे, वीस वर्षं आमच्याच पायावर चालतात. त्यांनी चाचणीसाठी आपल्या तुटलेल्या पायाचा उरलेला भाग दिवसभर उसना दिला. प्रत्येकाने त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढायचा. "एका पायाला तीन शिंपी," काका म्हणाले, "आणि कापड मात्र माझं."

पहिला उमेदवार पंचविशीतला, कागदपत्रं अशी की प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा चमकत होती. मापं मिलिमीटरपर्यंत अचूक. पण सगळा वेळ त्याने काकांच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. काकांनी दोनदा ओठ आवळले, त्याला कळलंच नाही. तिसरे गृहस्थ छप्पन्न वर्षांचे, होड्यांचे साचे बनवण्यात जन्म गेलेला. माणूस लाख, पण पायाचं काम कधी केलेलं नाही. शिकायला दोन वर्षं, आणि शिकून होईतो निवृत्ती.

मधली होती ती चौतीस-पस्तीसची. अर्ज पेनाने लिहिलेला, खाडाखोड तशीच. याच कामातल्या सात वर्षांत चार नोकऱ्या.

साहेबांनी विचारलं, "एवढ्या का सोडल्या?"

"दोन ठिकाणी भांडले. एकदा वडील आजारी होते म्हणून घरी राहिले. चौथं दुकानच बंद पडलं, ते माझ्यामुळे नाही."

"इथेही भांडाल?"

"साचा चुकलेला दिसला तर बोलेन. त्याला भांडण म्हणतात हे मला नंतर कळतं."

मग ती काकांसमोर खाली बसली. आधी नुसता हात ठेवला. "इथे दुखतं? आणि उतरताना?" असं विचारत राहिली. पट्ट्या गुंडाळल्यावर गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरले, प्लास्टर घट्ट होईपर्यंत, श्वास रोखल्यासारखे. काका खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहिले. ते गप्प बसले हेच तिचं प्रमाणपत्र.

संध्याकाळी साहेब, मामा आणि मी बसलो. मामांना पहिला पसंत होता. "वेळेवर येईल, वेळेवर जाईल. चेहऱ्याकडे बघायला आपण शिकवू. ही बाई मात्र महिन्याभरात आपल्यालाच शिकवायला लागेल." साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. काम तुमच्या हाताखाली करायचंय."

मी म्हणाले, "हात चांगला आहे. पण टिकणार नाही."

आणि लगेच, सोमवारी सांगते म्हणून घरी आले. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा बोलले आहे. ठमे, तुझ्याबद्दल.

अकरा वर्षांपूर्वी तू आमच्याच कार्यशाळेत अशीच चाचणी दिलीस. मी तुला घरी येऊन सांगितलं की नात्यातल्या माणसाला घेत नाहीत, नियम आहे. असा नियम नव्हता. तेव्हाच्या साहेबांना तुझा साचा आवडला होता. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमची बहीण आहे, तुम्हीच सांगा, घेऊ का?" मी म्हणाले, "हात चांगला आहे, पण टिकणार नाही. चार दिवसांत कंटाळेल." माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी तुझा अर्ज बाजूला ठेवला.

तुला कंटाळा येईल असं मला खरंच वाटत होतं का? हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खरं ते असं आहे. त्या दिवशी तू ज्या आजींच्या पायाचा साचा घेतलास, त्या मला जाताना म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचा हात लागला तो कळलासुद्धा नाही गं." मी तेव्हा आठ वर्षं ते काम करत होते. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. शिवणात तू पुढे, चित्रात तू पुढे, ते मी हसून सोडलं होतं. ही एक जागा माझी होती. तिथेही तू पुढे जाणार, हे मला सहन झालं नाही.

मग तू चपलांच्या कारखान्यात तळवे चिकटवत बसलीस. आई एकदा म्हणाली, "ती म्हणते, माझंच काही चुकलं असेल." मी त्यावर भाजी चिरत राहिले.

इथे थांबते. मामांचा फोन येतोय.

रविवार, १० डिसेंबर

पत्र तीन आठवडे माझ्या कपाटात पडून राहिलं. टाकायचा धीर होत नव्हता, फाडायचाही होत नव्हता. आता पुढचं सांगते.

पत्र थांबवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी साहेबांना मधल्या बाईचं नाव दिलं. पापक्षालन म्हणून नाही, हे मी स्वतःला चारचारदा तपासून विचारलं. एक्केचाळीस माणसं वाट बघत असताना मला असा हात हवा होता ज्याला दुखणं कळतं. तिच्या बाकीच्या गोष्टी मी सोसायच्या, रुग्णांनी नाही.

सोसावं लागतंच आहे. पहिल्याच आठवड्यात ती दीड तास उशिरा आली, कळवलं नाही, आणि वर कारकुनाशी हुज्जत घातली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. नजर 'सांगितलं होतं ना' म्हणत होती. मी तिला खोलीत बोलावून चांगलं फैलावर घेतलं. तिने ऐकून घेतलं, चूक मान्य केली, आणि जाताना दार जरा जोरात लावलं.

मग शाळेतल्या बाईंचा दिवस आला. त्यांचा साचा मी स्वतः घेतला होता. नवीन बाईने तो हातात फिरवला आणि शाळेतल्या बाईंच्या देखतच म्हणाली, "ताई, हे हाडावर बसेल. पुन्हा घ्यायला हवा." माझे कान तापले. एकोणीस वर्षांत माझ्या साच्याला कुणी बोट लावलं नव्हतं. मी हाडाची जागा दाखवणारी पेन्सिलीची खूण तपासली. चुकली होती, बोटभर. घाईत माझीच चुकली होती.

मी म्हणाले, "तुम्ही घ्या."

गुरुवारी शाळेतल्या बाई नव्या पायावर, आधाराच्या दोन दांड्यांच्या मधे उभ्या राहिल्या आणि अकरा पावलं चालल्या. बाराव्याला थांबून म्हणाल्या, "दुखत नाही." मी धूळ पुसायचं निमित्त करून बाहेर गेले.

नवीन बाई टिकेल का, मला खरंच माहीत नाही. कदाचित सहा महिन्यांत भांडून निघून जाईल. पण ते तिचं तिने ठरवायचं. आधीच तिच्या वतीने ठरवून टाकायचा अधिकार मला नाही. तुझ्या बाबतीतही नव्हता.

काल हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिचं आहे तिला सांग."

आणखी एक. मार्चमध्ये मामा निवृत्त होत आहेत, त्यांची जागा निघेल. हे भरपाई म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षं अशी भरून येत नाहीत, आणि तुझा संसार आता तिकडे रुजला आहे. फक्त तुला कळायला हवं म्हणून कळवते. अर्ज केलास तर निवड करणाऱ्यांत मी बसणार नाही. तसं साहेबांना लेखी देईन, आणि का ते कारणही त्यात लिहीन.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. रागाचं असलं तरी चालेल.

तुझ्या हाताला घाबरलेली,
तुझी मोठी बहीण