बाहेरची कडी

प्रिय ठमे (ठाण्यात फौजदार मॅडम),

खट्ट! चाळीस वर्षं झाली, पण डोळे मिटले की ती कडी अजून वाजते. शाळेतल्या कविता गुणगुणत बसलो तरी मध्येच वाजते.

काल तू फोनवर म्हणालीस, "बाबा, सोडवून आणलेली पोर तीन दिवस बोलत नाही. ती गप्प राहिली तर तिला विकणारे सुटतील. तुम्ही पोलिसात असताना त्या सोडवलेल्या मुलीला कसं बोलतं केलंत?" मी तोऱ्यात म्हणालो, "धीर धरायचा."

अर्धंच सांगितलं गं. त्या मुलीला आम्ही चौकीतल्या खोलीत बसवलं आणि सुरक्षित राहावी म्हणून मीच बाहेरून कडी घातली. जिथून सोडवून आणली, तिथंही तिला कोंडताना रोज हाच आवाज व्हायचा. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. चूक कळली तेव्हा मी कडी स्क्रूसकट उखडून तिच्या हातात दिली. मग उंबऱ्याबाहेर बसून चौथीतली कविता म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "काका, मधलं कडवं खाल्लंत." मग ती सगळं बोलली.

थांब, बेल वाजली.

दारात पिकल्या केसांची एक बाई उभी आहे. हातात गंजलेली कडी. म्हणते, "काका, तुमच्या लेकीनं जुन्या फायलीतून शोधलं मला. त्या पोरीकडेच निघालेय. ही तिला देऊ ना?"

आता पत्र कशाला पाठवू?

कडवं खाणारा,
बाबा